डिझेल कॅम्परची घरची सर्व्हिसिंग

कुणीकुणी म्हणतं इंजिन ऑइल काळं पडलं की लगेच बदला, पण डिझेलला ते लागू नाही हो, काजळीमुळं नवं ऑइल पण लवकरच काळं होतं, किती किलोमीटर नाहीतर किती महिने झाले ते बघून बदला, गाडी नुसती उभी असली तरी. लक्ष द्यायचं ते डिझेल फिल्टरकडं, त्यात पाणी साठतं. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटी धरा, पाणी जड म्हणून आधी तेच येतं, स्वच्छ डिझेल आलं की बंद. आणि बीड-लातूरकडं उन्हाळ्यात नुसता फुफाटा, एअर फिल्टर लवकर लवकर बघत जा, हवा आतून बाहेर मारा, बाहेरून मारली की धूळ कागदात रुतून बसते. रेडिएटरात बोअरचं पाणी अजिबात नको राव, ज्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो ते इंजिनात कशाला! डिस्टिल्ड वॉटरच घ्या कूलंटमधी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात).