उत्तर: बॅरी जोन्स, सात दिवसांची सुनावणी वाया कशी गेली?

नमस्कार मंडळी,
रविवारच्या चर्चेत अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या बॅरी जोन्सवरून बरीच गरमागरमी झाली. चार वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी 1995 मध्ये फाशीची शिक्षा. पुढे त्याच्या हेबियस कॉर्पस अर्जावर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायाधीशांनी सात दिवस साक्षीपुरावे ऐकले आणि 2018 मध्ये दोषसिद्धी रद्द केली. तरी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं! आपल्याकडे हेबियस कॉर्पस म्हणजे डांबून ठेवलेल्याला कोर्टापुढे आणा. मग इथे अडलं कुठे?

---

ताई,
इथे राज्याच्या कोर्टाने दोषी ठरवलेला कैदी ‘माझी शिक्षा घटनाबाह्य आहे’ म्हणून फेडरल कोर्टात येतो, पण ते अपील नव्हे. ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतर 1996 मध्ये क्लिंटननी सही केलेल्या कायद्याने दार आणखी अरुंद केलं. आधी राज्यातली कोर्टं पालथी घाला, मग वर्षाच्या मुदतीत अर्ज करा. राज्याने गुणदोषांवर निकाल दिला असेल, तर तो नुसता चुकीचा असून भागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या रिक्टर निकालानुसार, समंजस न्यायाधीशांत त्यावर दुमत होऊ शकत असेल तर कैदी हरला.

जोन्सची अडचण निराळीच. मुलीला जखम नेमकी कधी झाली, याचा वैद्यकीय तपास त्याच्या वकिलाने धड केलाच नाही. राज्यातल्या पुढच्या टप्प्यावरच्या वकिलाने तो हलगर्जीपणा कोर्टापुढे आणला नाही. सुप्रीम कोर्टाच्याच 2012 च्या मार्टिनेझ निकालामुळे हा राहिलेला मुद्दा फेडरल कोर्टात मांडता आला. पण मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं, की राज्यात पुरावा आला नाही याचा दोष कैद्याचाच, त्यामुळे 1996 च्या त्याच कायद्याप्रमाणे नवा पुरावा बघायचा नाही. म्हणजे तक्रार ऐकतो, पुरावा मात्र खिशातच ठेवा! न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात या निकालाला तर्कविसंगत म्हटलं, ते मला पटतं.

---

काका, दुसरी बाजूही बघा ना. वीस-वीस वर्षांनी खटला उकरायचा तर त्या मुलीच्या घरच्यांनी काय करायचं?

---

अगदी रास्त. निकालाला कुठेतरी शेवट हवाच, बहुमताचा भर त्यावरच होता. पण या शेवटासाठी किंमत कोणी मोजायची? राज्यानेच नेमून दिलेल्या वकिलाची चूक अशिलाच्या माथी मारायची, हे मला खटकतं.

आणि जोन्स सुटला तो फेडरल कोर्टामुळे नव्हे. जून 2023 मध्ये ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) कार्यालयाशी तडजोड झाली. मुलीला दवाखान्यात नेलं नाही, एवढ्यावर त्याने दुसऱ्या दर्जाच्या (कमी गंभीर) खुनाची कबुली दिली आणि राज्याच्याच कोर्टाने त्याला सोडलं. त्यामुळे कागदोपत्री तो आजही दोषीच आहे.