मदत हवी आहे: २ बाय २ मायमोचा (दोन्हीकडे दोन-दोन अँटेना) बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) एकाच अँटेनाएवढा का येतोय?

नमस्कार मंडळी, एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर चालूय, गुरुवारी गाईडना रिझल्ट दाखवायचेत आणि मी तीन रात्री एकाच ग्राफकडे बघत बसलेय. ऑक्टेव्हमध्ये २ बाय २ मायमो केलंय, बीपीएसके (दर सिम्बॉलला एकच बिट), रेले फेडिंग (सिग्नल कसाही कमीजास्त होणारा चॅनल), दोन्ही अँटेनांवरून वेगवेगळा डेटा जातो आणि रिसीव्हरला झिरो फोर्सिंग, म्हणजे चॅनल मॅट्रिक्सचा सरळ इन्व्हर्स घेऊन गुणायचं. चॅनल रिसीव्हरला तंतोतंत माहीत आहे असं धरलंय. तर बीईआरचा कर्व्ह एका अँटेनाच्या थिअरी कर्व्हला अगदी चिकटून बसतोय, २० डीबी एसएनआरला (सिग्नल नॉइजच्या किती पट ते) ०.००२५ च्या आसपास. मग दुप्पट अँटेना लावून मिळालं काय? डायव्हर्सिटी (फेडिंगमधून सावरणाऱ्या स्वतंत्र वाटा) २ यायला हवी ना, म्हणजे १० डीबी वाढवले की एरर १०० पट कमी, माझ्याकडे १० पटच होतात. नॉइज चेक केला, रिअल आणि इमॅजिनरीत अर्धा अर्धा आहे, चॅनल दर सिम्बॉलला नवीन येतोय. एकट्या अँटेनाला जेवढी पॉवर तेवढीच दोन्ही अँटेनांना प्रत्येकी दिलीय. दर पॉइंटला १ लाख बिट. मैत्रीण म्हणते कोडच गंडलाय, गाईड म्हणतात "बघ जरा नीट". (नीट म्हणजे नेमकं कुठे?)

प्रतिसाद १:
कोड बरोबर आहे ताई, अपेक्षा चुकलीय. दुसऱ्या स्ट्रीमचा (दुसऱ्या अँटेनावरून येणाऱ्या डेटाचा) त्रास शून्य करायचा म्हटलं की रिसीव्हरच्या दोनपैकी एका अँटेनाचं बळ त्यातच खर्ची पडतं, फेडिंग सावरायला उरते एकच. डायव्हर्सिटी म्हणजे रिसीव्ह अँटेना वजा ट्रान्समिट अँटेना अधिक १, तुझी आली १. फुकट नाही गेलं काही, तेवढ्याच वेळात दुप्पट बिट गेलेत की! पॉवर दोघींत वाटली असतीस तर कर्व्ह अजून ३ डीबी मागे पडला असता. खात्री करायचीय तर रिसीव्हरला ३ अँटेना कर, ट्रान्समिट २ च ठेव, कर्व्ह १ बाय २ एमआरसीच्या (एक ट्रान्समिट, दोन रिसीव्ह अँटेना, दोन्हींचे सिग्नल ताकदीप्रमाणे वजन देऊन जोडायचे) थिअरीवर बसायला हवा, २० डीबीला साधारण ०.००००१८. पण १ लाख बिटांत तिथे जेमतेम २ एरर मिळतील, तो ग्राफ म्हणजे अंदाजपंचे. निदान १०० एरर होईपर्यंत लूप चालू दे, ५०-५५ लाख बिट लागतील.

प्रतिसाद २:
२ बाय २ च ठेवून डायव्हर्सिटी २ हवी असेल तर एमएल (मॅक्सिमम लाइकलीहूड, मिळालेल्या सिग्नलला सगळ्यात जवळचं कॉम्बिनेशन निवडायचं) लाव, बीपीएसकेला ४ च कॉम्बिनेशन तपासायचीत, लॅपटॉपला काही जड नाही. एमएमएसईच्या (इन्व्हर्स घेताना नॉइजही धरणारी पद्धत) नादी लागू नकोस, कर्व्ह थोडा सुधारतो पण हाय एसएनआरला त्याचा उतार, म्हणजे डायव्हर्सिटी, तीच राहते. अलामौटीने (तेच दोन सिम्बॉल दोन्ही अँटेनांवरून दोन स्लॉटमध्ये पाठवायचा कोड) उतार मिळेल, पण दोन स्लॉटमध्ये दोनच सिम्बॉल, म्हणजे दुप्पट रेटचा फायदा गेला.

धागाकर्ती:
बापरे, तीन रात्री नसलेला बग शोधत होते! ३ अँटेनांचा रन संपला, २० डीबीला ०.००००१९ आलं. एमएलमध्ये अंतराचा वर्ग घ्यायचा की नुसतं अंतर?

प्रतिसाद २:
कुठलंही चालेल, सगळ्यात छोटं कोणतं एवढंच बघायचंय. वर्गच घे, वर्गमूळ काढायचा वेळ वाचेल.