दिसायला एकसारख्या दोन कॅमेरा बॅगा, किमतीत तिपटीहून अधिक फरक : कोणती घ्यावी?

प्रश्न : चिमूर तालुक्यातून

नमस्कार. मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो आणि दोन कॅमेरे, तीन लेन्स व फ्लॅश असे सुमारे पाच किलो सामान पाठीवर घेऊन मोटारसायकलने गावोगाव फिरतो. जुनी बॅग फाटल्यामुळे १,४५० रुपयांची एक बॅग ऑनलाइन मागवली. ती परत करण्याची मुदत सात दिवसांची आहे. तशीच बॅग नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानात ४,८०० रुपयांना आहे. खिशांच्या जागा, आतील कप्पे, इतकेच काय, पावसाळी कव्हर ठेवण्याचा तळाचा खिसाही दोन्हींत तंतोतंत सारखा आहे. जास्तीचे ३,३५० रुपये केवळ नावासाठी मोजायचे का, हे मला कळत नाही. सामान कर्जावर घेतलेले असल्याने चूक परवडणारी नाही.

उत्तर १ : वरोऱ्याहून

भाऊ, मी अशीच स्वस्त बॅग घेतली होती. सातव्या महिन्यात बसस्थानकावर उतरताना उजवा पट्टा मुळातून उसवला, बॅग फरशीवर आदळली आणि लेन्सचा माउंट, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडणारी कडी, वाकला. वाचवलेल्या पैशांपेक्षा दुरुस्तीलाच अधिक लागले. माझे मत स्पष्ट आहे, परत करा.

उत्तर २ : दारव्ह्याहून

माझे बॅगा व चेन दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरच्या भाऊंचे नुकसान झाले ते खरेच वाईट झाले. पण स्वस्त म्हणजे टाकाऊ आणि महाग म्हणजे मजबूत असे सरसकट म्हणता येत नाही. एकच कारखाना अनेक नावांसाठी बॅगा शिवतो, त्यामुळे साचा सारखा दिसतो. मात्र कापड, चेन, फोम आणि टाके हे मागणी देणारा जेवढे पैसे मोजेल त्याप्रमाणे बदलतात, आणि हा फरक फोटोत दिसत नाही.

सर्वांत आधी पट्ट्याचे मूळ पाहा. बॅग रिकामी करून पाठीकडच्या अस्तरावरून बोट फिरवा. जिथे पट्टा आत शिरतो, तिथे चौकोन करून मध्ये फुलीचे टाके घातलेले असावेत, किंवा बारटॅक म्हणजे एकाच जागी दाट आडवे टाके असावेत. पट्टा केवळ कडेच्या शिवणीत दाबून एका ओळीने शिवलेला असेल, तर पाच किलोचे वजन आणि मोटारसायकलचे हादरे तो फार काळ सोसणार नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पाठीवरच्या बॅगांपैकी बहुतेक इथेच उसवलेल्या असतात.

त्यानंतर चेन. तिचा क्रमांक बहुधा रनरच्या, म्हणजे चेन उघडबंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, मागे कोरलेला असतो. ५, ८, १० हे आकडे ढोबळमानाने बंद चेनच्या दात्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. मुख्य झाकणाला ५ क्रमांकाची चेन मला अपुरी वाटते. रनरवर नामांकित कंपनीचे नाव असले म्हणून चेनही त्याच कंपनीची असेल असे नाही, कारण रनर बदलता येतो आणि मी स्वतः रोज बदलतो.

कापडाचा ‘६०० डी’ (डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचे माप) हा आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन ६०० ग्रॅम, एवढेच. धागा जाड असूनही वीण विरळ असू शकते, म्हणून कापड उजेडासमोर धरून पाहा. फोम अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला तर तो फोम धक्का झेलणार नाही.

शेवटी, आपल्या सामानाइतके वजन भरून बॅग दोन्ही पट्ट्यांनी एक रात्र टांगून ठेवा. कापड व चेन चांगली असून फक्त पट्टा कच्चा असेल, तर निवार (जाड विणलेली पट्टी) लावून तो पक्का करता येतो; पण मुदत शिल्लक असताना नव्या वस्तूवर तो खर्च आपण का करावा?

उत्तर ३ : ब्रह्मपुरीहून

दोन गोष्टी जोडतो. छापील कमाल किंमत ही केवळ वरची मर्यादा असते, त्यामुळे ‘५,००० ची बॅग १,४५० मध्ये’ अशा जाहिरातीतल्या तुलनेला अर्थ नाही. लेबलवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव आणि पत्ता आहे का ते पाहा. तो नसेल तर तक्रार कोणाकडे करणार? दुसरे, कितीही महाग बॅग घेतली तरी आमच्या धानपट्ट्यातील पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात बंद करून ठेवू नका, कारण फोम ओल धरतो आणि लेन्सला बुरशी लागते. सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते वाळवायला हवेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल पाच किलो तांदूळ भरून बॅग आढ्याला टांगली होती. सकाळी पाहिले तर डाव्या पट्ट्याच्या मुळाशी शिवण करंगळीच्या नखाएवढी उघडली होती आणि आतला पांढरा फोम दिसत होता; टाक्यांची ओळ खरोखर एकच आहे. फोम आणि कापड मात्र ठीक आहेत. बॅग परत पाठवली आहे. शनिवारी नागपूरला जाईन, तेव्हा ४,८०० च्या बॅगेचेही अस्तर चाचपून पट्ट्यांची मुळे पाहीन. दुकानदाराने तेवढे पाहू दिले नाही, तर तीही घेणार नाही.