सल्ला हवा: युटाच्या कॅन्यन भागाची जुनी टोपोशीट

मुक्ता_डेन्व्हर: बाबांना सह्याद्रीच्या टोपोशीटचं, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांचं, वेड आहे. इकडे आले तेव्हा युटातल्या एस्कलांटे नदीच्या घळी बघून हरखले होते. त्यांच्या साठीला त्याच भागाचा जुना नकाशा फ्रेम करून द्यायचाय. मूळ छापील प्रत घ्यावी की प्रिंट? कोणत्या सालची?

घळवाट: प्रिंटच काढा. यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूसर्वेक्षण संस्था) टोपोव्ह्यू या साइटवर १८८० च्या दशकापासूनचे नकाशे फुकट मिळतात. मॅट कागदावर, मूळ मापात छापून घ्या. 'पानात बसवा' केलंत तर स्केल बिघडेल.

सालाचं म्हणाल तर १९६३ च्या आधीचीच शीट. त्या वर्षी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि लेक पॉवेल हा जलाशय भरू लागला. 'क्रॉसिंग ऑफ द फादर्स', म्हणजे १७७६ मध्ये डोमिंगेझ आणि एस्कलांटे हे पाद्री जिथे कोलोरॅडो नदी उतरून गेले ती जागा, आज पाण्याखाली आहे. १९५० च्या दशकातल्या १:६२,५०० च्या शीट बघा. एक इंच म्हणजे साधारण एक मैल. कड्यांपाशी तपकिरी कंटूर (समान उंचीच्या रेषा) इतके दाटतात की नुसता पट्टा दिसतो आणि तळाशी नदीची निळी रेघ. बाबा भिंग घेऊन बसतील!

जुनाकागद: मी मूळ प्रतीच्या बाजूने. त्या शाईची सर प्रिंटला नाही. फक्त घडीवर कागद फाटलाय का ते बघा आणि उजव्या कोपऱ्यातल्या सालावर थांबू नका, पुनर्मुद्रणाची बारीक ओळ शोधा. जांभळा रंग दिसला तर हवाई छायाचित्रांवरून मागाहून केलेली दुरुस्ती समजा. फ्रेमला यूव्ही काच आणि ॲसिड-फ्री माउंट हवंच.

१८८६ ची 'एस्कलांटे' शीटही सुंदर आहे. एस्कलांटे नदी नकाशावर आली तीच मुळी १८७२ मध्ये, संशोधक जॉन वेस्ली पॉवेलच्या सर्वेक्षणातल्या ॲल्मन थॉम्पसनमुळे. पण कंटूर दर २५० फूट उंचीला एक, बारीक घळी सापडणार नाहीत.

मुक्ता_डेन्व्हर: मग पन्नासच्या दशकातलीच. पुढच्या खेपेला बाबा ती घेऊन चालायला निघाले तर?

घळवाट: भिंतीवरच राहू द्या. जुन्या शीट एनएडी२७ या १९२७ च्या जुन्या मोजणी-आधारावर आहेत. त्यांचे यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी चौकट) आकडे आजच्या जीपीएसमध्ये तसेच टाकले तर सुमारे २०० मीटरचा फरक पडतो, आणि घळीत तेवढ्यात वाट चुकते. समासातला चुंबकीय कलही (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) बदललाय. निळ्या खुणेचा झरा आज वाहत असेलच असं नाही, पाण्याची चौकशी रेंजर स्टेशनवर करूनच निघा.