दिवाळीत तिथलच्या समुद्रावर कुत्र्याला न्यायचं की नाही?

रावपुऱ्याची लेक : मुलांना दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही बडोद्याहून गाडीने वलसाडजवळच्या तिथलला जातोय. साडेतीन वर्षांचा मोती, आमचा लॅब्रॅडॉर, बरोबर येणारच. सासूबाई म्हणतात, त्याला बोर्डिंगला ठेवा. मला पटत नाही. मी तापाने झोपले होते तेव्हा दोन दिवस तो पलंगाखालून हलला नाही. त्याला ऐन सणात परक्या पिंजऱ्यात टाकायचं? तुम्हाला काय वाटतं?

दांडियाबाजारकर : ताई, राग मानू नका, पण नका नेऊ. गेल्या वर्षी असाच एक मोकळा सोडलेला कुत्रा माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या अंगावर धावला. त्याला खेळायचं होतं, मान्य. ती पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं. मालक लांबून ओरडत होते, "काही करत नाही तो!" आता ती कठड्यावरून खाली उतरत नाही. शिवाय तिथे किनाऱ्यालगतच साईबाबांचं मंदिर आहे, लोक अनवाणी फिरतात. घाण कोण उचलतं?

रावपुऱ्याची लेक : मुलीचं वाचून वाईट वाटलं. आमचा पट्टा हातातून सुटणार नाही आणि घाण मी स्वतः पिशवीत भरते, रोज, इथे गल्लीतही. पण दुसऱ्याच्या बेपर्वाईची शिक्षा मोतीला का?

मांजलपूर, घरी दोन कुत्रे : मी नेण्याच्या बाजूचा आहे, पण आधी नीट समजून घ्या. तिथलची वाळू काळी, ती पांढरीपेक्षा लवकर तापते. हाताची पालथी बाजू वाळूवर टेकवा. पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. तहान लागली की तो खारं पाणी पितो, मग उलट्या-जुलाब, म्हणून गोडं पाणी आणि वाडगं बरोबर हवंच. आमच्या थोरल्याच्या ओठात मासेमारीचा गळ अडकला होता. वाळूत मेलेल्या माशाचा वास आला म्हणून त्याने तोंड घातलं, आणि गळ काढायला डॉक्टरांना भूल द्यावी लागली. तेव्हापासून मी त्याच्या तोंडावरची नजर काढत नाही.

आणखी एक. दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. तिथे ओहोटीला पाणी खूप आत जातं, वर येतं तेव्हा भराभर येतं. वेळा आधी बघून ठेवा.

दापोलीची, आता अलकापुरीत : तिथलनंतर पुढच्या सुट्टीत सगळे कोकणात जातात, म्हणून लिहिते. वेळास, आंजर्ल्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्री घरटी उकरतात, म्हणून गावची माणसं पहाटे अंडी उचलून कुंपणात पुरतात. तिथून पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. मोती कितीही शहाणा असो, नाकाला वास लागला की तो उकरणारच. त्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत नकोच, पट्ट्यानेही नको.

रावपुऱ्याची लेक : कासवांचं मला माहीतच नव्हतं. वेळासला त्याला नेणार नाही, शब्द देते. तिथलला मात्र येणार, उजाडताच, गर्दीच्या आधी.

दांडियाबाजारकर : उजाडताच असेल तर माझी हरकत नाही. संध्याकाळी नको, यावर मी ठाम आहे. आणि आम्ही तिथे भेटलोच, तर त्याला लांबच बसवून ठेवा. जवळ जायचं की नाही ते मुलगी ठरवेल.