जुन्या लॅपटॉपवर ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना तुमचं घोडं कुठे अडलं? अनुभव लिहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नात्यातल्या ओळखीतल्या सगळ्यांना अचानक आपापले जुने लॅपटॉप आठवले. "तुला येतं ना गं, जरा फॉरमॅट मारून दे" असं म्हणत चार लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन पडले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते यातल्या एकातही नव्हतं, म्हणून सगळ्यांवर लिनक्स मिंट (फुकटची ओएस) टाकायचं ठरलं. तीन सुतासारखे सरळ झाले. चौथ्याने नाकी नऊ आणले.

२०१३ चं मॉडेल, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क. पेनड्राइव्हवरून बूट व्हायचा, डेस्कटॉप दिसायचा, इन्स्टॉल सुरू केलं की फाइल कॉपी होता होता मध्येच इनपुट आउटपुट एरर. त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की सीडी किंवा हार्डडिस्क खराब असू शकते, सीडी पुसून बघा, मशीन थंड जागी न्या वगैरे. मी शहाणी, मेसेजवर विश्वास ठेवला. पेनड्राइव्ह परत बनवला, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर बनवला, आयएसओ (इन्स्टॉलची अख्खी फाइल) परत डाउनलोड करून चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते बघायचा कोड) जुळवला, तो जुळला. म्हणजे हार्डडिस्कच गेली म्हणत नवीन एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) आणून बसवली, तरी तेच! तीन दिवसांनी रात्री दीडला डोक्यात प्रकाश पडला की अरे, हा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबतोय, एकदा सुरुवातीलाच, एकदा अर्ध्यात, एकदा अगदी शेवटी. पेनड्राइव्ह खराब असता तर साधारण एकाच जागी अडकला असता ना. दोन रॅम होत्या, २-२ जीबीच्या. एक काढली, इन्स्टॉल झालं. काढलेली एकटी लावून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालवली तर मिनिटभरात स्क्रीन लालेलाल.

नंतर कळलं ते असं, की आयएसओमधली सिस्टिम ही एक भलीमोठी कॉम्प्रेस केलेली फाइल असते, ती रॅममध्ये उलगडून डिस्कवर लिहिली जाते, आणि उलगडताना एक बिट जरी चुकला तरी पुढचं सगळं बिनसतं. रोजच्या वापरात तो बिट एखाद्या फोटोत गेला तर कुणाला कळणारे. मालकाला विचारलं तर म्हणाला हो, ब्राउझर अधूनमधून बंद पडायचा, मला वाटलं व्हायरस असेल.

तर तुमचे असे किस्से येऊद्यात. फसलेले आधी, जमलेले नंतर.

*

मी आधी, कारण माझ्याइतका मूर्खपणा कुणी केला नसेल. बूट मेनूत माझा पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसता (मशीन चालू करायची जुनी पद्धत, लेगसी) आणि एकदा पुढे यूईएफआय (नवी पद्धत) लावून. मला काय फरक, नुसता निवडला. विंडोजचा इन्स्टॉलर म्हणे ही डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची विभागणी) आहे, इथे टाकता येणार नाही. खरं तर तेव्हा फक्त रिस्टार्ट करून यूईएफआयवाली ओळ निवडायची होती, संपला विषय. पण मी कुठेतरी वाचलं होतं की शिफ्ट एफ१० दाबा, डिस्कपार्ट (डिस्कची विभागणी करायचं विंडोजचं टूल) उघडा, डिस्क निवडा, क्लीन मारा. मारलं. फक्त डिस्क ० च्या ऐवजी डिस्क १ निवडली, आणि डिस्क १ म्हणजे ज्यावर आदल्याच रात्री सगळ्या फोटोंचा बॅकअप घेतला होता ती बाहेरची हार्डडिस्क, जी मी काढायलाच विसरलो होतो. क्लीन कमांड काही विचारत नाही हो, खात्री आहे का वगैरे काही नाही, एका सेकंदात झालं म्हणून सांगते.

नशीब एवढंच की नुसतं क्लीन पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद पुसतं, आतला डेटा तिथेच असतो (क्लीन ऑल मारलं असतं तर सगळ्यावर शून्य लिहून मोकळं). त्या डिस्कला नंतर हात लावला नाही, दुसऱ्या मशीनवर टेस्टडिस्क चालवून पार्टिशन परत मिळवलं. तेव्हापासून इन्स्टॉल करताना लॅपटॉपला चार्जर आणि पेनड्राइव्ह सोडून काहीही जोडलेलं नसतं. माउससुद्धा नाही, हे जरा जास्तच होतंय पण असू दे.

*

माझं एकदम छोटं. विंडोज ७ टाकत होतो, इन्स्टॉलर म्हणे सीडी डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. मी सीडी वापरतच नव्हतो! दोन दिवस त्या डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर शोधत बसलो. शेवटी पेनड्राइव्ह निळ्या पोर्टातून काढून काळ्या पोर्टात लावला आणि झालं. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळातच नाहीत, त्यामुळे स्वतः ज्यावरून चालू झाला तो पेनड्राइव्हच त्याला पुढे दिसत नाही.

*

वरच्या यूईएफआयच्या किश्श्याला जोडून माझा. माझ्याकडे इन्स्टॉल दर वेळी नीट व्हायचं, दोन दिवस चालायचं आणि तिसऱ्या दिवशी "बूट होण्यासारखं काही नाही" असा काळा स्क्रीन. मी चार वेळा, हो चार वेळा, परत इन्स्टॉल केलं. मग बहिणीने विचारलं, ताई तुझ्या लॅपटॉपवर तारीख एवढी जुनी का दिसते गं? बायॉसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्राम) सेल संपला होता. चार्जर काढून ठेवला आणि मेन बॅटरी पण उतरली की बायॉस सगळं विसरायचा, यूईएफआयवरून परत लेगसीवर जायचा, मग त्याला विंडोज कुठून सापडणार. आत साधा सीआर२०३२ सेल असतो, पण लॅपटॉपमध्ये बरेचदा वायर आणि छोटा कनेक्टर लावलेला येतो, तसाच घ्यावा लागतो, नुसता सेल बसत नाही. तारीख चुकली की वायफायला जोडून पण साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटची बोंब, ते मी नेटचा प्रॉब्लेम समजत होते.

*

माझा लॅपटॉप २०२१ चा, इंटेलच्या ११ व्या जनरेशनच्या प्रोसेसरचा, या धाग्यात बसतो का माहीत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना, यादी रिकामी. घरातले सगळे म्हणाले एसएसडी उडाली. पण बायॉसमध्ये तर तिचं नाव दिसत होतं, मग उडाली कशी? इंटेलचं व्हीएमडी नावाचं, एसएसडी हाताळायचं सेटिंग चालू होतं, त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. ड्रायव्हर उतरवून, तो एक्झी फाइल असतो तो आधी उलगडून, फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं, लोड ड्रायव्हर म्हटलं, डिस्क आली. सांगायचं एवढंच की बायॉसला डिस्क दिसतेय की नाही ते आधी बघा, मग रडा.

*

पेनड्राइव्ह बनवताना मी आयएसओ उघडून फाइली नुसत्या कॉपी पेस्ट करायचो, पूर्वी चालायचं. आता त्यातली इन्स्टॉलची मुख्य फाइल ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर तेवढी एक फाइल मावतच नाही. पेनड्राइव्हवर जागा ३२ जीबी, तरी म्हणे फाइल मोठी आहे. रूफस नावाच्या प्रोग्रामने बनवतो आता.

*

कीबोर्ड सुटा होतो तसला छोटा लॅपटॉप आहे माझ्याकडे, २ जीबी रॅमचा. ६४ बिटचा पेनड्राइव्ह बूट मेनूत यायचाच नाही. प्रोसेसर ६४ बिट, पण त्याचा यूईएफआय ३२ बिट, असं अर्धनारीनटेश्वर प्रकरण निघालं! पेनड्राइव्हच्या बूट फोल्डरमध्ये ३२ बिटची बूट फाइल नसेल तर तो त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ३२ बिटचं विंडोज १० पहिल्या फटक्यात गेलं.

एक प्रश्न, विंडोजची ओरिजिनल की (लायसन्सचा कोड) कुठेच लिहिलेली नाही, तर परत टाकल्यावर ॲक्टिव्हेट होईल का?

*

होईल बहुतेक. विंडोज ८ पासून लॅपटॉपबरोबर आलेली की त्याच्या फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते, इन्स्टॉलर न विचारता उचलतो. फक्त त्यामुळे एडिशनही तोच ठरवतो, प्रो टाकायला गेलात तरी होमच टाकतो, मग माझ्यासारखं तासभर बुचकळ्यात पडू नका.

*

मूळ धागावाल्या ताई, उगाच आणलेल्या त्या एसएसडीचं काय केलंत मग?

*

आतच आहे ती. परत काढायच्या आधी सहज म्हणून जुन्या हार्डडिस्कचं स्मार्ट (डिस्कची तब्येत सांगणारी नोंद) बघितलं तर तिच्यातही रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) भरपूर निघाले, म्हणजे मेसेज अगदीच खोटा बोलत नव्हता. २ जीबीत जीव घुसमटत होता म्हणून त्याच जातीची डीडीआर३ रॅम शोधून बसवली आणि या वेळी आधी रात्रभर मेमटेस्ट लावली. आता मिंट मस्त पळतंय. लॅपटॉप मात्र कालच परत टेबलावर आलाय, स्क्रीनची बिजागरी तुटली म्हणून.