‘प्रौढ प्रेम’ नको, मग काय? – एका कँटोनीज मालिकेच्या निमित्ताने

धागाकर्ती:

मंडळी, एक शब्द हवा आहे. हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीवर ऑक्टोबर 2010मध्ये ‘नो रिग्रेट्स’ नावाची 32 भागांची मालिका लागली होती. 21 ऑक्टोबर 1938 रोजी जपानी फौजांनी ग्वांगझौ, म्हणजे जुनं कँटन, घेतलं. त्याच्या आगेमागेची गोष्ट. नायिका अफूच्या धंद्यातल्या बड्या घराण्यातली, चेंग काउ-मुई. नायक लाउ सिंग, पोलीस खात्यातला. या भूमिका शेरेन टँग आणि वेन लाई यांनी केल्या. ती तेव्हा 44 वर्षांची, तो 46चा, आणि मालिकेने वय लपवायची धडपड केलेली नाही. त्या वर्षीची वाहिनीची सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री ही दोन्ही पारितोषिकं या जोडीलाच मिळाली. त्याआधी 2009मध्ये ‘रोझी बिझनेस’साठीही त्यांनाच मिळाली होती.

इथल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी मी या मालिकेवर दोन पानं लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे: ‘ही एका ____ प्रेमाची गोष्ट आहे.’ ‘प्रौढ’ लिहिलं की मला ‘प्रौढ साक्षरता वर्ग’ दिसतो, कंदील आणि पाटीसकट. ‘परिपक्व’ने आंबा आठवतो. ‘उतारवयातलं’ तर चूकच, चव्वेचाळीस हे काय उतारवय आहे?

शब्दवेडा:

‘पोक्त’ घ्या की. फारसी ‘पुख्ता’वरून आला, मूळ अर्थ शिजलेला. संस्कृत ‘पक्व’ही शिजलेलाच, दोन्ही एकाच कुळातले. ‘प्रौढ’चं म्हणाल तर प्र + ऊढ, वाहून नेलेला. ‘ऊढा’ म्हणजे विवाहिता. तेव्हा तुमच्या जोडीचं लग्न झालेलं नसेल तर व्युत्पत्तीही अंगावर येईल. शिवाय काव्यशास्त्रात मुग्धा, मध्या, प्रौढा अशा नायिका आहेत, आणि त्यातली प्रौढा शृंगारात भलतीच धीट असते.

कोकणातली काकू:

पोक्त सल्ला ऐकलाय, पोक्त माणूस पाहिलाय. पोक्त प्रेम म्हटलं की नवरा पिशवी घेऊन भाजी आणायला निघालाय असं वाटतं. ‘मुरलेलं’ का नको?

धागाकर्ती:

काकू, मुरायला बरणी एका जागी राहावी लागते. ग्वांगझौवर 1937पासूनच बॉम्ब पडत होते. या दोघांना चार दिवस एका जागी मिळायची मारामार.

शब्दवेडा:

मग उलटीकडून येऊ. मूळ भाषेत त्या नात्याला काय म्हणतात?

धागाकर्ती:

तिथेच तर गंमत आहे. कँटोनीजमध्ये ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सरळ वाक्य आहे, पण बोलताना ते जड वाटतं. लोक ‘चुंग-यी’ म्हणतात, म्हणजे ‘आवडतेस’. जोडप्याने बरोबर फिरण्याला ‘फाक-थो’ हा शब्द आहे. कडेला कड लावून एकीने दुसरीला ओढत नेणाऱ्या होड्यांवरून तो आला असं सांगतात. पण या मालिकेतल्या दोघांच्या नात्याला ‘फाक-थो’ कुणी म्हणणार नाही.

मी आमच्या शेजारच्या फो-फोंना विचारलं. (फो-फो म्हणजे आजी. हक्काच्या नसल्या तरी म्हणायचं.) त्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, ‘छिंग-यी’. मी म्हटलं, हो, छिंग-यी. त्या म्हणाल्या, नाही, तू वेगळंच म्हणालीस. मग त्यांनी तळहात छातीपाशी आडवा धरला आणि एक ‘यी’ म्हटला, तळहात टेबलाला टेकेल इतका खाली नेला आणि दुसरा ‘यी’ म्हटला. मधल्या पट्टीतला ‘यी’ लावला तर छिंग-यी म्हणजे मनातली ओढ, प्रेमभाव. खालच्या पट्टीतला लावला तर प्रेम अधिक इमान, एकमेकांसाठी काय देणं लागतो त्याची जाण. अक्षरं वेगळी, उच्चार तोच, फरक फक्त सुराचा. मालिकेच्या चिनी नावात हाच खालचा ‘यी’ आहे.

मी चार वेळा म्हणून पाहिलं. तीनदा प्रेमच निघालं.

अवांतराचा धनी:

अवांतर होतंय, पण घराणं अफूचं म्हणालात म्हणून. अफूला कँटोनीजमध्ये ‘आ-फिन’ म्हणतात. ग्रीक ‘ओपिऑन’, अरबी ‘अफ्यून’, आपलं ‘अफीण’ आणि ते ‘आ-फिन’ ही एकाच घरची भावंडं. आणि नुसता शब्दच तिकडे गेला असं नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून कँटनला जात असे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतला मोठा वाटा या व्यापाराचा. काउ-मुईच्या घराण्याच्या धंद्याचं एक टोक आपल्या दारात आहे.

कोकणातली काकू:

अवांतर नाही हो, चांगलं सांगितलंत. पण त्या नावाचं काय? काउ-मुई म्हणजे?

धागाकर्ती:

‘काउ’ नऊ, ‘मुई’ धाकटी बहीण. नववी. लोक आदराने ‘काउ कू-न्योंग’ म्हणतात, आपल्याकडे ‘नवव्या ताईसाहेब’ म्हणतील तसं. आणि ‘काउ’ त्याच सुरात म्हटलं तर ‘दीर्घ काळ टिकणारं’ असाही अर्थ होतो. आधीच्या मालिकेत ‘काउ’ नायकाच्या नावात होता, या खेपेला नायिकेकडे आला.

मालिकेच्या चिनी नावातला ‘कान-क्वोक’ हाही मजेशीर शब्द. मूळचा बाईच्या डोक्यावरचा साज. तिसऱ्या शतकात झूगे लिआंग या सेनानीने लढाईला बाहेर न येणाऱ्या सिमा यीला हिणवायला बायकी साज पाठवला, अशी कथा आहे.

कोकणातली काकू:

अगं बाई, बांगड्या पाठवल्या म्हण की!

धागाकर्ती:

अगदी तेच. फक्त आपल्या बांगड्या टोमण्यातच अडकून पडल्या. तिकडे तोच शब्द पुढे कर्तबगार स्त्रीसाठी मानाचा झाला.

शब्दवेडा:

खालच्या ‘यी’कडे परत येतो. ‘इमान’ जवळचं आहे, पण इमान म्हटलं की धनी-चाकर डोळ्यांपुढे येतात. ‘निष्ठा’ फार ताठ, भाषणातली. मला ‘जागणे’ सुचतंय. खाल्ल्या मिठाला जागणे, दिल्या शब्दाला जागणे. यात मालकी नाही आणि भाषणही नाही. ज्याला जागतो त्याचं देणं तेवढं आठवणीत असतं.

धागाकर्ती:

थांबा. लाउ सिंग या नावातल्या ‘सिंग’चा अर्थ काय माहितेय? जागा होणे. झोपेतून जागा, नाहीतर शुद्धीवर आलेला. बोलीत हुशार, तरतरीत माणसालाही ‘सिंग’ म्हणतात. तिकडे त्या शब्दात इमानाचा अर्थ मुळीच नाही. त्यासाठी वेगळा ‘यी’ लागतो. मराठीत मात्र जागं असणं आणि जागणं एकाच क्रियापदात बसलंय. हा योगायोग फक्त मराठीतून पाहणाऱ्यालाच दिसणार.

शब्दवेडा:

म्हणजे ‘जागतं प्रेम’?

कोकणातली काकू:

नको गं. ‘जागतं देवस्थान’ असतं. लोक नवस बोलायला येतील.

धागाकर्ती:

पटलं. रिकाम्या जागेत विशेषण शोधत बसले, हीच चूक झाली. हा शब्द क्रियापद म्हणूनच चालतो. वाक्य असं केलंय: ‘ही दोघं एकमेकांवर प्रेम करत नाहीत, एकमेकांना जागतात.’

अवांतराचा धनी:

पहिला अर्धा भाग धादांत खोटा आहे. मी मालिका पाहिली आहे.

धागाकर्ती:

खोडला. आता उरलं ते एवढंच: ‘ही दोघं एकमेकांना जागतात.’ काकू मात्र अजून ‘मुरलेलं’वर अडून आहेत, त्यांनी व्यक्तिगत निरोपात लोणच्याची कृतीही पाठवली आहे.